राहून गेलेली हाक

आपल्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं जे सर राहत होते, ते घराबाहेर पडताना कधी 'येतो' म्हणाले नाहीत. 'जातो' म्हणू नये, हे तुम्हाला तुमच्या आईनं शिकवलं असेलच. सर 'जातो'ही म्हणत नसत. फाटकाशी थांबायचे, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखे माझ्याकडे बघायचे आणि निघायचे. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटला. मी सगळं आयुष्य कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माणसानं येता-जाता दोन शब्द नीट बोलावेत एवढी माझी साधी अपेक्षा असते. एकदा मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, ज्याची खात्री नाही ते कसं बोलू?"

मागच्या सुट्टीत तुम्ही नातवंडांनी विचारलंत, वरच्या खोलीतली ती लोखंडी ट्रंक कुणाची? मी म्हटलं, भाडेकरूंची. उत्तर खरं होतं, पण अपुरं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. त्यांचं नाव मात्र लिहिणार नाही. धाकट्याला अजून मोठ्यानं वाचायची सवय आहे, आणि ते नाव आता कुणी विनाकारण मोठ्यानं घेऊ नये असं मला वाटतं.

तुम्ही सगळे तिकडे परदेशी गेलात आणि वरचा मजला रिकामा झाला. खोली बघायला बरेच लोक आले. पाणी किती दिवसांआड येतं, गाडी कुठं लावायची, हे सगळ्यांनी विचारलं. सरांनी काहीच विचारलं नाही. खिशातून घड्याळासारखी एक डबी काढली, खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि पाऊण तास तिच्याकडे बघत उकिडवे बसले. हवेतला दमटपणा मोजायचं ते यंत्र होतं. मग उठून म्हणाले, "उत्तम. माझ्या बरोबरच्यांना कोरडी हवा लागते."

मी दचकले. मी एकट्या माणसाला खोली देत होते. "बरोबर कोण आहे?"

"दोन ट्रंका," ते म्हणाले.

ट्रंकांमध्ये कॅसेटी होत्या, शेकड्यांनी. सर भाषांचा अभ्यास करणारे. बर्मी भाषा आणि तिच्या कुळातल्या लहान लहान भाषा हा त्यांचा विषय. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. तिकडच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी लागते, आवाज खाल्ला जातो. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी नकाशा घेऊन सबंध देशातलं कोरडं शहर शोधलं आणि इथं आले. नातेवाईक, मित्र, हवापाणी, डॉक्टर यांतलं काहीही न बघता निव्वळ बुरशीच्या भीतीनं आमच्या शहरात आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. उन्हाळ्यात वरची खोली भट्टीसारखी तापायची. सर घामानं निथळत खुशीत सांगायचे, "गाव अगदी ठणठणीत आहे, बाई."

त्यांचं काम काय, ते मला एका वाक्यात कळलं होतं. "लग्नात म्हाताऱ्या बायका बसतात ना पोरांची नाकं जुळवत," ते म्हणाले, "हे नाक मावशीचं, ही जिवणी थेट पणजीची? तेच माझं काम. या खोऱ्यात डोळ्याला काय म्हणतात, त्या खोऱ्यात काय म्हणतात, ते शेजारी ठेवायचं आणि बघायचं, यांची पणजी कशी दिसत असेल."

सुमनबाईंवर त्यांचा फार जीव. सुमनबाई तुम्हाला आठवत असतील, आपल्याकडे स्वयंपाकाला येतात, चितेगावच्या. त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात आहे. दुपारी सरांचं ताट वर न्यायचं काम त्यांचं. एकदा अर्धा तास झाला तरी खाली येईनात. मी जिन्यातून हाक मारली तर वरून हसण्याचा आवाज. सर त्यांना बर्मी शिकवत होते. एकच 'ला', पण आवाज तोडून म्हटला की चंद्र, सपाट म्हटला की 'ये', आणि ओढून म्हटला की खेचर.

"म्हंजी सर," सुमनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "चांदोबाला ये म्हणायला जावं आन् दारात खेचर हुबं! कसलं लोक म्हणायचं हे? माझ्या नवऱ्यानं ही भाषा बोलली तर मला रोज नवीन जनावर सांभाळावं लागंल."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं हसणं मी सहा वर्षांत मोजून तीन-चारदा ऐकलं असेल.

पण याच सुमनबाई एके दिवशी ताट परत घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, सरानं वर म्हातारी कोण आणून ठेवली?"

"कुणी नाही. का?"

"बोलायलीय की. सर बोलतंय, म्हातारी बोलतीय. लई येळ झालं जिन्यात हुबी हाये मी. दोघं भांडल्यावानी करायलीत."

मी वर गेले. मे महिन्याची दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार लोटलेलं होतं आणि आत खरंच एक म्हातारी बोलत होती. घोगरा, दमेकरी आवाज. ती काहीतरी विचारायची, थांबायची, सर उत्तर द्यायचे, ती 'अं' करून पुढे बोलायची. मी दार ढकललं. सर एकटे होते. समोर टेपरेकॉर्डर. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं त्याच क्षणी म्हातारी बोलता बोलता थांबली आणि चढ्या स्वरात काहीतरी म्हणाली.

सरांनी टेप बंद केला. "ती विचारते आहे, दारात कोण उभं आहे," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. ते त्यांनी पाहिलं असावं. घाईनं म्हणाले, "घाबरू नका. ही कॅसेट चाळीस वर्षांपूर्वीची. त्या दिवशी तिच्या दारात तिची सून येऊन उभी राहिली होती. योगायोग."

मूळ कॅसेटवर सरांचाही आवाज होता, तरुणपणचा. कॅसेटची प्रत करताना त्यांनी तो काढून टाकला होता आणि तेवढी जागा कोरी ठेवली होती. त्या कोऱ्या जागेत ते रोज नव्यानं उत्तरं देत. ती भाषा नीट बोलणारी ती म्हातारी शेवटची. दुसऱ्या कुणाशी बोलणार?

मी स्वतःला समजावलं. माणसं एकटी राहिली की रेडिओशी, तुळशीशी बोलतात. मीही तुमच्या फोटोंशी बोलते. पण त्यानंतर मी तीनदा त्या खोलीत दुपारची गेले, आणि तिन्ही वेळा माझं पाऊल उंबऱ्यात पडायला आणि म्हातारीनं तो प्रश्न विचारायला एकच गाठ पडली. मग मी दुपारचं वर जाणं बंद केलं.

सरांची दुसरी एक गोष्ट सांगायला मला अवघड जातं, कारण तिच्यात मीही आहे. सर लक्षात राहत नसत.

ते भाजीवाल्यासमोर उभे राहिले तर तो मागच्या गिऱ्हाईकाशी बोलायचा. समोरच्यांचा कुत्रा पोस्टमनपासून माझ्यापर्यंत सगळ्यांवर भुंकतो. सर शेजारून गेले तर मान वर करत नसे. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला यंत्रावर अंगठा ठेवायचा. सरांचा अंगठा ते यंत्र घेईना. वयानं बोटांच्या रेषा झिजतात, हे मला माहीत आहे. माझ्या मैत्रिणीचंही असंच झालं होतं. मी सोबत गेले होते. खिडकीतल्या मुलीनं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, ते स्वतः का नाही आले?" सर तिच्यासमोर अंगठा पुढे करून उभे होते.

रिक्षात मी संतापून बोलत होते. सर बाहेर बघत म्हणाले, "तिची चूक नाही." आणि त्या दिवशी, क्रांती चौकापासून घरापर्यंतच्या वाटेत, त्यांनी मला ती हकिगत सांगितली.

त्या म्हातारीच्या लोकांत माणूस मेला की त्याच्या जिवाला वाट सांगतात. घराच्या उंबऱ्यापासून सुरुवात. ओढा, मग पहिली चढण, मग देवदारांची खिंड, असं एकेका जागेचं नाव घेत, ज्या डोंगरावरून पूर्वज आले तिथवर त्याला पोचवतात. हे गाणं सांगणाऱ्याचाही जीव बरोबर थोडा जातोच. म्हणून शेवटी जिवंत माणसांना त्याच वाटेनं नावानिशी हाका मारून परत आणायचं. जाण्याचं आधी, येण्याचं नंतर. दोन्ही मिळून एक.

सरांना ते गाणं हवं होतं. त्यात जुने शब्द टिकून राहतात, पणजीचं नाक तिथं सापडतं. पण गावात कुणी मरत नव्हतं. मेल्याशिवाय गाणं म्हणत नाहीत, असं म्हातारी आठ दिवस सांगत राहिली. सरांनी नाद सोडला नाही. अभ्यासासाठी म्हणून दाखव, नुसतं तोंडानं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "म्हणते. पण नाव कुणाचं घालू? नावाशिवाय वाट सुरू होत नाही."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी माझं दिलं. त्यात काय एवढं, असं वाटलं. मी तीस वर्षांचा होतो, बाई."

तिनं डोळे मिटून वाट सांगायला घेतली. शेवटच्या डोंगरापाशी आली आणि कॅसेटची बाजू संपली. खट्‌कन आवाज झाला, ती दचकून थांबली. सरांनी कॅसेट उलटी घातली, पण एकदा तुटलेलं तिला पुढे म्हणता येईना. ती घाबरली होती. म्हणाली, आता परतीची हाक मला मारता येणार नाही, ती तुझ्या घरच्या उंबऱ्यावरून मारली पाहिजे. ज्या घरचं तू खातोस, त्या घरच्या बाईनं. घरी कोण आहे तुझ्या?

"मी म्हटलं, कुणी नाही," सर म्हणाले. "आई होती. पण मला जीप गाठायची होती. आई आहे म्हटलं असतं तर तिनं मला सगळं शिकवत बसवलं असतं. पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा म्हातारी नव्हती."

रिक्षा आपल्या गल्लीत वळली. "आई गेली तेव्हा मी जवळच होतो," ते म्हणाले. "सगळं केलं. पाणी आलं नाही डोळ्यांत. शेजारचं कुणी गेल्यासारखं वाटलं. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली."

मी त्यांना सांगितलं की हा अपराधाच्या भावनेचा खेळ आहे. पुस्तकी बाईनं जे सांगायचं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, परतीची हाक त्यांनी जुळवली आहे. शेजारच्या पाच खोऱ्यांतून तुकडे गोळा करून, नाकं जुळवत, आयुष्य घालवून. फक्त मारणारं कुणी नाही. "मी तुमच्या घरचं खातो," ते म्हणाले.

काय मागताहेत हे कळल्यावर मी हादरले. बाळांनो, तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण मी तुमच्या आजोबांचंसुद्धा नाव कधी मोठ्यानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि आता भर दिवसा दारात उभं राहून परक्या माणसाला नावानं हाका मारायच्या, 'घरी ये' म्हणून? गल्लीत माझ्या विद्यार्थिनींच्या सासवा राहतात. मी नाही म्हटलं. स्पष्ट आणि सभ्य शब्दांत.

सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

त्या एप्रिलमध्ये मी बहिणीकडे नाशिकला गेले. जाताना नेहमीसारखी यादी केली: गॅस, नळ, खिडक्या, वर्तमानपत्र बंद, सुमनबाईंना सुट्टी. जिन्याच्या जाळीच्या दाराला आणि फाटकाला कुलूप. प्रत्येक ओळीपुढे खूण. चौथ्या दिवशी सकाळी बहिणीनं सहज विचारलं, "तुझे ते वरचे भाडेकरू एकटेच आहेत का गं?" आणि माझ्या हातातली बशी खाली पडली.

मी त्यांना कुलपात घालून आले होते. विसरून नव्हे, विसरायला आधी आठवावं लागतं. ते त्या यादीत, त्या घरात, कुठंच नव्हते.

फोन बघितला. त्यांचे एकवीस मिस्ड कॉल. एकही वाजलेला मला, बहिणीला, कुणालाही आठवत नव्हता. मी सुमनबाईंना फोन केला. त्या मुलाच्या मोटारसायकलवर बसून गेल्या आणि त्यानं कुलूप फोडलं. सर गॅलरीत फरशीवर पडलेले होते, तापानं फणफणलेले. वरच्या टाकीतलं पाणी दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. चार दिवस ते गॅलरीतून हाका मारत होते. खालून माणसं जात होती. समोरच्या बाई रोज तिथंच कपडे वाळत घालत होत्या. कुणी वर बघितलं नाही.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, शरीरात फारसं बिघडलेलं नाही, पण माणूस धरून राहत नाही असं वाटतंय. अशानं फार दिवस निघणार नाहीत. सर खाटेवर होते. मी खाटेकडे बघितलं आणि क्षणभर, खरं सांगते, मला ती रिकामी दिसली.

"सर," मी म्हटलं, "कधी मारायची हाक?"

ते घरी आल्यावर आठ दिवस त्यांनी माझी तयारी करून घेतली. देवनागरीत लिहिलेला एक कागद, अक्षरांच्या डोक्यावर बारीक खुणा, कुठं आवाज तोडायचा, कुठं ओढायचा. जन्मभर मी मुलांचे उच्चार सुधारले. त्या सगळ्यांच्या वतीनं सरांनी माझा सूड घेतला. "परत, बाई. असं म्हटलंत तर मी ओढ्यातच राहीन." अंथरुणात पडल्या पडल्या ते मला सारखं थांबवत. विधीला शिजवलेला भात, पांढरा दोरा आणि उकडलेलं अंडं लागायचं. अंड्यापाशी मी अडले. आपल्या स्वयंपाकघरात ते कधी आलं नव्हतं.

"मी आणते की घरून उकडून," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी नुसत्या हाका मारा."

"सुमनबाई, तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे?"

"छ्या! आमी बुद्धाची माणसं, आमच्यात आत्मा-बित्मा काय मानत नायत. इहारात दर रविवारी सांगत्यात." मग पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "पर माणूस बाहीर ऱ्हायला असंल तर त्याला जेवाय हाक मारावी लागती. त्येला आत्मा कशाला पायजे?"

दिवस ठरला. दुपारी चारची वेळ, वैशाखाचं ऊन. सर आत, बैठकीतल्या खुर्चीत, पाठ दाराकडे. सुमनबाई त्यांच्या शेजारी दोरा घेऊन. मी उंबऱ्यात, हातात भाताचं ताट, तोंड रस्त्याकडे. कोपऱ्यावरून वाळूजची बस गेली आणि गल्ली पुन्हा गप्प झाली.

मी शेवटच्या डोंगराचं नाव घेतलं आणि त्यांच्या नावानं पहिली हाक मारली. ती जेमतेम फाटकापर्यंत गेली. समोरच्या बाई गॅलरीत आल्या. मी डोळे कागदावर ठेवले. खिंड. देवदार. नदीवरचा वेताचा पूल. प्रत्येक जागेपाशी हाक, 'इथं थांबू नको, घरी ये'. चौथ्या-पाचव्या जागेपर्यंत मला लाज वाटत होती. मग वाटेनाशी झाली. मला असं जाणवू लागलं की मी वाचते आहे त्या वेगानं समोर काहीतरी अंतर कमी होतं आहे. स्टेशनवर गाडी दिसण्याआधी रूळ जाणवतात तसं. ओढ्याचं नाव घेतलं तेव्हा ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. शेवटची हाक मला वाचावी लागली नाही. ती माझ्या तोंडातून आईच्या आवाजात निघाली, मुलाला उशीर झाल्यावर निघते तशी.

मागे खुर्ची करकरली.

"बाई!" सुमनबाई ओरडल्या. "जळू!"

उंबऱ्याच्या आत शहाबादी फरशीवर एक काळी जळू वळवळत होती. या शहरात, वैशाखात. मी उभ्या जन्मात इथं जळू पाहिलेली नाही. सुमनबाईंनी धावत जाऊन मीठ आणलं आणि तिच्यावर टाकलं. सरांच्या घोट्यावरून रक्ताची बारीक धार पावलावर उतरत होती. ते तिच्याकडे बघत होते, जराही नवल न वाटता.

"तिकडं पावसात असं होतंच," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण सैल, भरभर बोलणारा, तरुण.

सुमनबाईंनी त्यांच्या मनगटाला दोरा बांधला. त्याबरोबर त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. शिरा, डाग, सुरकुत्या. दुसरा हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत मला ओळखत असल्याचं काहीही नव्हतं.

"हे कुणाचे हात आहेत?" ते म्हणाले. आणि मग, "आई कुठंय?"

मुलांना वाईट निकाल सांगायची मला सवय होती. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांना सांगितलं. आई गेली. केव्हा गेली, तेही सांगितलं. म्हातारा माणूस तसा रडताना मी पाहिला नव्हता, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. समोरच्या बाई धावत आल्या. "कोण गेलं हो?" त्यांनी विचारलं. सुमनबाई म्हणाल्या, "सरांची आई." समोरच्या बाईंनी माझ्याकडे, मग सत्तरीच्या सरांकडे बघितलं, आणि काही न विचारता त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी सरांना बघितलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

दहा दिवस त्यांनी सुतक पाळलं.

त्यानंतर ते अकरा महिने होते. भाजीवाला त्यांना नावानं ओळखू लागला. कुत्रा इतका भुंकायचा की शेजाऱ्यांना तो बांधावा लागला. बँकेतल्या यंत्रानं अंगठा एका झटक्यात घेतला. हळूहळू त्यांना मी आठवले, खोली आठवली, पण पुस्तकात वाचलेलं आठवावं तशी. खोलीतल्या आरशावर त्यांनी पंचा टाकून ठेवला होता. कॅसेटी त्यांनी एकदाच लावल्या. म्हातारी बोलायला लागली तेव्हा मी दारातच होते. तिनं दारात कोण आहे हे विचारलं नाही. ती कॅसेट शेवटपर्यंत वाजली, तो प्रश्न तिच्यावर कुठंच नव्हता. सरांनी सगळ्या कॅसेटी एका ट्रंकेत दाबून बसवल्या आणि ती त्या डोंगरांतल्या एका मुलीकडे पाठवली. म्हातारी तिची पणजी लागत होती. दुसरी तुम्ही बघितलीत ती. ती रिकामी आहे.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, आम्ही केलं ते चुकलं का?"

ते म्हणाले, "तिकडं एकच दिवस गेला होता, बाई. मी त्या शेवटच्या डोंगरापाशी उभा होतो. म्हटलं, आता बोलावतील, आता बोलावतील. बोलावलंत, तर हे." त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मग म्हणाले, "बोलवायचं तर लगेच बोलवावं. फार दिवस गेले की येणाऱ्याला दार लहान पडतं."

ते झोपेतच गेले. सबंध गल्ली आली होती.

आता मला एक कबूल करायचं आहे, आणि ते तुमच्या आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती हाक कुठल्याही वाटेवर घालता येते. जागांची नावं तेवढी बदलायची. या पावसाळ्यात एका दुपारी मी बसून तुमची वाट लिहून काढली. तुमच्या शाळेचं फाटक, तुमच्या घराजवळचा तो पूल, विमानतळ, मधला विमानतळ, मुंबई, मग नगर नाका, आपली गल्ली. सुमनबाईंकडून अंडंही मागवलं. भाताचं ताट घेऊन मी उंबऱ्यात उभी राहिले आणि धाकट्याचं नाव तोंडाशी आलं.

तेवढ्यात मला कळलं, कोण येईल ते. इथून गेला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. माझ्या पदराला नाक पुसायचा. मला तोच हवा होता, हे खोटं कशाला सांगू? पण तो आला असता तर तिकडं त्या क्षणी शाळेच्या बसमध्ये जो बसला असेल, तो माझा मोठा झालेला नातू, त्याला मुलं ओलांडून गेली असती, आणि त्याच्या बाईंनी हजेरीत त्याचं नाव घ्यायचं सोडून दिलं असतं.

भात मी चिमण्यांना घातला. कागद चुलीत, म्हणजे गॅसवर, जाळला. तुम्ही आपले तिकीट काढून, रीतसर, जेवढे मोठे झाला असाल तेवढे या.